राणीच्या बागेतलं म्युझियम: मालक एक, कारभारी तीन

सार्वजनिक मालकीची एखादी जुनी वास्तू मोडकळीला आली की आपल्याकडे दोनच सूचना ठरलेल्या असतात. पहिली, ‘पालिकेनं लक्ष घालावं.’ दुसरी, ‘पालिकेच्या हातून काढून घ्या.’ भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय यांपैकी कुठल्याच वाटेनं गेलं नाही. म्हणून ते एक प्रकरण म्हणून तपासून पाहण्यासारखं आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये मुंबई महानगरपालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि इंटॅक, म्हणजे वारसाजतनाचं काम करणारी राष्ट्रीय संस्था, यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. मालकी पालिकेकडेच राहिली. देणगीदार म्हणून फाउंडेशन आलं आणि जाणकारीची बाजू इंटॅकनं घेतली. जानेवारी २००८ मध्ये म्युझियमची दारं पुन्हा उघडली, तेव्हा आत शिरलेल्या मुंबईकराला ही वास्तू आपल्याच शहरात आहे यावर चटकन विश्वास बसेना.

या जीर्णोद्धाराबद्दल बोलताना लोक सोन्याच्या वर्खाबद्दल आणि मिंटन टाइल्सबद्दल, म्हणजे इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या नक्षीदार फरश्यांबद्दल, बोलतात. माझ्या मते या प्रकरणातला खरा जिन्नस तो कराराचा कागद आहे. वर्ख लावणारे कारागीर आधीही मिळाले असते. त्यांना कामावर बोलवू शकेल अशी व्यवस्था नव्हती. मात्र हाच कागद कुठवर पुरतो आणि कुठे तोकडा पडतो, हेही पुढच्या काही वर्षांत दिसलं. दोन्ही बाजू पाहायच्या तर आधी दीडशे वर्षं मागं जावं लागेल, कारण २००३ मध्ये जे घडलं त्याची पहिली आवृत्ती १८५८ मध्येच निघाली होती.

जन्मापासूनची अडचण

१८५१ मध्ये लंडनला जागतिक प्रदर्शन भरलं, १८५५ मध्ये पॅरिसला. अशा प्रदर्शनांसाठी मुंबई इलाख्यातून माल गोळा व्हायचा: लाकडाचे नमुने, धान्यं, तेलबिया, धातूकाम, विणकाम, हस्तिदंती कलाकुसर. त्याचेच नमुने इथं ठेवून घेऊन मुंबईत एक संग्रहालय उभं करायचं, ही मूळ कल्पना. हेतू उघड व्यापारी होता. या मुलखात काय पिकतं, काय बनतं आणि त्यातलं बाहेर काय विकता येईल, याची ती नमुनापेटी होती. कलेसाठी कला वगैरे विचार त्यात फारसा नव्हता.

हा संग्रह फोर्टातल्या टाउन बॅरक्समध्ये ठेवला गेला. पहिले क्युरेटर डॉ. जॉर्ज बुइस्ट, म्हणजे मुंबईच्या इंग्रजी पत्रकारितेतलं त्या काळचं बडं नाव. १८५७ चा उठाव झाला आणि लष्कराला बराकीची गरज पडली. संग्रहालयाला स्वतःची जागा नव्हतीच, त्यामुळे त्याला विचारायचाही प्रश्न आला नाही. वस्तू बाहेर काढल्या गेल्या, बऱ्याच मोडल्या, बऱ्याच गहाळ झाल्या. उरलंसुरलं सावरून नेण्याचं काम डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी केलं. ते पेशानं डॉक्टर, पण इथल्या वनस्पतींचं आणि कारागिरीचं वेड असलेले. नव्या संग्रहालयाची खटपटही मुख्यतः त्यांचीच.

या खटपटीला शहरातून दोन भक्कम माणसं मिळाली: जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड. नानांबद्दल मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. भाऊ दाजींची ओळख मात्र पुष्कळदा दादर-माटुंग्याच्या रस्त्याच्या पाटीपुरतीच असते, म्हणून थोडं थांबतो. गोव्याच्या पेडणे भागातल्या मांद्रे गावचं हे घराणं. मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अगदी पहिल्या तुकडीत, १८५१ मध्ये, वैद्यकीची पदवी घेऊन बाहेर पडले. डॉक्टरी जोरात चालली, कुष्ठरोगावरच्या औषधासाठीही ते नावाजले गेले. पण त्यांचा जीव शिलालेखांत, नाण्यांत आणि अजिंठ्याच्या लेण्यांत. एशियाटिक सोसायटीत त्यांनी प्राचीन लेखांवर निबंध वाचले. १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांची मंडळी सांगलीहून मुंबईत आली, तेव्हा ग्रँट रोडच्या नाटकगृहात मराठी नाटक उभं राहावं म्हणून धडपडणाऱ्यांतही नाना आणि भाऊ हेच दोघं होते. मुंबईचे पहिले भारतीय शेरीफ म्हणून भाऊंची नेमणूक झाली ती नंतरची गोष्ट. असा माणूस संग्रहालयाच्या समितीवर बसतो तेव्हा ती नमुनापेटी आपसूक थोडी बदलते. व्यापाराच्या मालाबरोबर इथली माणसं, त्यांचे पेहराव, त्यांची हत्यारं यांनाही जागा मिळू लागते.

१८५८ च्या अखेरीस, कंपनी सरकार जाऊन राणीचं राज्य आल्याच्या निमित्तानं, सार्वजनिक वर्गणी गोळा करून ‘व्हिक्टोरिया म्युझियम अँड गार्डन्स’ उभारायचं ठरलं. निमित्त राजनिष्ठेचं असलं तरी व्यवस्था कशी लावली ते पाहा: शेटजींची वर्गणी, सरकारची जमीन आणि मदत, जाणकारांची समिती. तीन पक्षच. १९ नोव्हेंबर १८६२ ला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते पायाभरणी झाली. आराखडा विल्यम ट्रेसी यांचा. बाहेरून इटालियन पद्धतीची शांत, प्रमाणबद्ध इमारत. आत बिडाचे नक्षीदार खांब, वर चहूबाजूंनी गॅलरी आणि डोळे दिपवणारी रंगसंगती.

आणि मग तिघांपैकी एक पक्ष कोसळला. अमेरिकेतल्या यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशातून शेअरचा सट्टा फुगला. १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, भाव आपटले, बँका बुडाल्या. वर्गणी देणारे देशोधडीला लागले. भाऊ दाजीही या सट्ट्यात आर्थिकदृष्ट्या बुडाले. त्याच वर्षी नाना वारले. इमारत अर्धवट, ट्रेसी यांचंही निधन झालेलं. शेवटी सरकारनं काम अंगावर घेतलं, ‘स्कॉट, मॅक्लेलँड’ या कंपनीनं ते तडीस नेलं आणि २ मे १८७२ ला म्युझियम लोकांसाठी उघडलं. पायाभरणीपासून साडेनऊ वर्षांनी. भाऊ दाजींनी ते उघडलेलं पाहिलं; त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७४ मध्ये, ते गेले.

हा इतिहास सांगितला तो हौसेखातर नाही. या संस्थेवर जेव्हा जेव्हा बाका प्रसंग आला, तेव्हा जागा, पैसा आणि जाणकार यांपैकी एक पाय निखळलेला होता. १८५७ ला जागा नव्हती, १८६५ ला पैसा. विसाव्या शतकात पाळी जाणकारांची आली.

हळूहळू मागं पडणं

पुढे म्युझियम महापालिकेच्या ताब्यात आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला चांगले दिवस होते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्राचार्य सेसिल बर्न्स इथं क्युरेटर होते आणि त्यांच्या नजरेखाली मातीच्या बाहुल्यांचा आणि देखाव्यांचा भाग समृद्ध झाला. आजही पहिल्या मजल्यावर लोक सर्वांत जास्त वेळ रेंगाळतात ते याच कपाटांपाशी. मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींचे पेहराव, पगड्यांचे प्रकार, कारागीर कामावर बसलेले, मुंबईच्या सात बेटांचे नकाशे आणि प्रतिकृती. वसाहतवादी नजरेनं माणसांची केलेली वर्गवारी म्हणून त्यावर टीका करता येते आणि ती रास्तही आहे. पण त्याच बाहुल्यांत आपल्या पणजोबांची पगडी ओळखून लेकराला दाखवणारा माणूसही तिथं उभा असतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि चांगल्या संग्रहालयात दोन्हींना जागा हवी.

दरम्यान फोर्टात दुसरं संग्रहालय उभं राहत होतं. १९०५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९२२ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. या दोन संस्थांची तुलना इथं कामाची आहे. फोर्टातल्या संग्रहालयाला १९०९ च्या स्वतंत्र कायद्यानं विश्वस्त मंडळ मिळालं. म्हणजे त्याचा कारभार पाहणाऱ्यांना दुसरं काम नव्हतं. भायखळ्याचं म्युझियम मात्र गटारं, पाणी, दवाखाने, शाळा, बाजार आणि रस्ते सांभाळणाऱ्या महापालिकेच्या असंख्य कामांतलं एक. शहरातले मोठे खासगी संग्रह, देणग्या, अभ्यासक आणि पाहुणे सगळे फोर्टाकडे वळले. भायखळा गिरणगावाला लागून असलेला, फोर्टाच्या नजरेत मागच्या अंगणातला भाग. म्युझियमची ओळख उरली ती राणीच्या बागेत हत्ती पाहायला गेल्यावर उन्हातून जरा सावलीला जाण्याची जागा म्हणून.

हत्तीवरून आठवलं. म्युझियमच्या बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. हा घारापुरीचा. याच्याचवरून पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा बेत झाला, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणून ठेवले आणि १९१४ च्या सुमारास ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. घारापुरीला जाणारे हजारो लोक लेणी पाहून परत येतात आणि ज्या हत्तीमुळे बेटाला नाव मिळालं तो भायखळ्यात आहे हे त्यांच्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसतं.

याच आवारात स्वातंत्र्यानंतर आणखी पाहुणे आले. १९६५ मध्ये शहरातल्या चौकांतून ब्रिटिश राज्यकर्त्यांचे पुतळे हलवले गेले. काळ्या घोड्यावरचा राजपुत्र, पुढे जो सातवा एडवर्ड झाला, तो घोड्यासकट राणीच्या बागेत आला. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी देणगी दिलेला मॅथ्यू नोबल यांचा राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळाही इथंच आहे. १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी ज्या पुतळ्याच्या तोंडाला डांबर फासलं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली, तो हाच. म्युझियमच्या आत राणीचे यजमान प्रिन्स अल्बर्ट संगमरवरात उभे आहेत, डेव्हिड ससून यांनी दिलेले. चौथऱ्यावर हिब्रू मजकूरही कोरलेला आहे. एका आवारात एवढा इतिहास एकत्र पडलेला असताना त्याची गोष्ट सांगणारं कुणी नव्हतं, हीच तर त्या काळातली अडचण.

१ नोव्हेंबर १९७५ रोजी ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’चं ‘डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय’ झालं. नाव योग्य माणसाचं दिलं गेलं यात वाद नाही. पण नाव बदलल्यानं छत गळायचं थांबत नाही.

बिघाड नेमका कसला

नव्वदच्या दशकात या वास्तूची अवस्था वाईट होती आणि ती एका दिवसात झालेली नव्हती. मुंबईचं हवामान चुनेगच्चीच्या इमारतीला तसं मानवतं, कारण चुना ओल घेतो आणि सोडतो. त्यावर तेलरंगाचे किंवा प्लास्टिक रंगाचे हात चढवले की ओल आत अडकते आणि गिलावा फुगून पोपडे निघतात. बिडाच्या खांबांना गंज चढतो आणि तो वरून रंग मारून दिसेनासा होतो, थांबत नाही. पाणी छतातून शिरतं, पण नुकसान खाली कपाटात होतं. कागदी नकाशाला बुरशी लागते, हस्तिदंताला तडे जातात, कच्च्या मातीची बाहुली ओलीनं भुसभुशीत होते. एकाच कपाटातल्या चार वस्तूंना चार वेगवेगळ्या प्रकारची हवा हवी असते.

आता ही दुरुस्ती पालिकेच्या नेहमीच्या पद्धतीनं करायची म्हटली तर काय होतं? अंदाजपत्रक तयार होतं ते ठरलेल्या दरपत्रकावरून. त्यात सिमेंटचा गिलावा असतो, ऑइलबाउंड डिस्टेंपर असतो, भिजवून मुरवलेल्या चुन्याचा गिलावा किंवा छतावरची हातानं काढलेली नक्षी नसते. निविदा निघते, सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम मिळतं. तो कंत्राटदार शाळेची इमारत रंगवतो तशीच ही रंगवून देतो, नियमानं एक पैही इकडची तिकडे न करता. पालिकेच्या इंजिनिअरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पद्धतच अशी की प्रामाणिकपणे राबवली तरी जुन्या वास्तूचं वाटोळं होतं.

मुंबईची वारसा नियमावली १९९५ मध्ये लागू झाली. भारतातल्या कुठल्याही शहराच्या आधी. त्या नियमावलीनं जुन्या इमारती पाडायला अटकाव केला, मनमानी बदलांना चाप लावला. पण ती ‘हे करू नका’ सांगणारी व्यवस्था आहे. देखभालीचे पैसे कुठून यावेत, माणसं कुठली आणावीत, यावर तिच्याकडे उत्तर नाही. पाडायला बंदी आणि सांभाळायला कुणी नाही, अशा कात्रीत शहरातल्या कितीतरी वास्तू आजही आहेत.

करार

या म्युझियमची दुर्दशा पाहून इंटॅकच्या मुंबई शाखेनं १९९७ मध्ये हालचाल सुरू केली. पुढाकार तस्नीम झकारिया मेहता यांचा. त्या सुमाराला शहरात वारसाजतनाला हवा होतीच. काळा घोडा असोसिएशन १९९८ चं, तिथला महोत्सव १९९९ पासूनचा. तरीही भायखळ्याच्या म्युझियमसाठी पालिकेशी बोलणी सुरू झाल्यापासून करारावर सह्या होईपर्यंत जवळजवळ सहा वर्षं गेली. चिडून म्हणता येईल की लालफीत. मी इथं जरा पालिकेच्या बाजूनं बोलेन. लोकांच्या पैशातून उभी राहिलेली, हजारो वस्तू असलेली मालमत्ता एका खासगी देणगीदाराच्या आणि एका बिगरसरकारी संस्थेच्या हाती कामापुरती का होईना सोपवायची, तर ठराव, अटी, जबाबदाऱ्या, हिशेब हे सगळं तोलून घ्यायलाच हवं. त्यासाठी तयार नमुनाही उपलब्ध नव्हता.

करारात काय साधलं? एक तर देणगी ‘रंगरंगोटीसाठी’ न येता पूर्ण जीर्णोद्धारासाठी आली. कामाचा माणूस निवडताना फक्त दर पाहायची सक्ती सुटली. वारसा-वास्तुकार विकास दिलावरी यांच्याकडे इमारतीचं काम आलं. आणि तिसरी, माझ्या दृष्टीनं सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पुनरुज्जीवन झाल्यावर म्युझियम चालवायलाही पालिका आणि भागीदार यांचा एकत्रित न्यास आला. आपल्याकडे जीर्णोद्धार हा समारंभ असतो. फीत कापली की सगळे घरी जातात आणि दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला पुन्हा ओल दिसते. इथं दुरुस्ती आणि त्यानंतरचा कारभार एकाच चौकटीत बसवला गेला. फोर्टातल्या संग्रहालयाला जे १९०९ मध्ये कायद्यानं मिळालं, ते भायखळ्याला २००३ मध्ये करारानं मिळालं.

मालकी पालिकेची राहिली याचं महत्त्व काहींना कळत नाही. ती गेली असती तर प्रवेशशुल्क, बागेशी असलेलं नातं, संग्रहातल्या वस्तूंचं भवितव्य, सगळंच खासगी मर्जीवर गेलं असतं. पुन्हा उघडल्यावर तिकीट दहा रुपये होतं. बागेत आलेल्या कुटुंबाला परवडेल असं.

इमारतीला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसाजतन पुरस्कार मिळाला, ‘अवॉर्ड ऑफ एक्सलन्स’. म्युझियम उघडलं मात्र २००८ मध्ये. मधल्या काळाकडे लोकांचं दुर्लक्ष होतं, पण म्युझियमचं खरं काम त्याच काळात चाललं होतं. इमारत उभी राहणं म्हणजे निम्मं काम. साडेतीन हजारांच्या आसपास असलेल्या वस्तूंची छाननी, नोंद, सफाई, दुरुस्ती, मांडणी, प्रकाशयोजना हे उरलेलं निम्मं. जुनी लाकडी कपाटं फेकून काचेचे चकचकीत डबे आणायचा मोह टाळला, याबद्दल त्या मंडळींचे आभार मानायला हवेत. खांबांवर आणि नक्षीवर पुन्हा वर्ख चढला, फरशीवरच्या मिंटन टाइल्स उजळल्या, छतावरची रंगीत नक्षी पुन्हा दिसू लागली. पण आतलं म्युझियम एकोणिसाव्या शतकातलंच राहिलं: गर्दीनं भरलेली कपाटं, लहान लहान वस्तू, वाकून पाहायला लावणाऱ्या.

त्यानंतर

नव्या न्यासानं एक धाडसी निर्णय घेतला: आजच्या कलाकारांना बोलावून जुन्या संग्रहाशी बोलायला लावायचं. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, रंजनी शेट्टर यांची प्रदर्शनं इथं झाली, काही काम थेट जुन्या कपाटांच्या आणि खांबांच्या मधोमध मांडलेलं. मागच्या बाजूला प्लाझा आणि कार्यशाळांची जागा तयार झाली, शाळांच्या सहली आखून येऊ लागल्या. कलाविश्वातल्या लोकांनी भायखळ्याचा रस्ता धरला ही खरोखर नवी गोष्ट.

पण प्रकरण तपासायचं तर इथं एक अडचण नोंदवली पाहिजे. म्युझियमचा सगळ्यात जवळचा प्रेक्षक कलादालनांत फिरणारा नाही. तो परळ-लालबाग-घोडपदेवचा आणि गावाहून मुंबई पाहायला आलेला आहे. राणीच्या बागेत तो लेकरं घेऊन, डबा घेऊन येतो. २०१७ मध्ये पेंग्विन पाहायला झुंबड उडाली. त्याच वर्षी बागेचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नासवर गेलं, चौघांच्या कुटुंबाला शंभर. तरी गर्दी हटली नाही. त्या गर्दीतली किती माणसं शेजारच्या पायऱ्या चढून म्युझियममध्ये येतात? सुट्टीच्या दिवशी बागेच्या दाराशी रांग आणि म्युझियमच्या जिन्यावर निवांतपणा, हे तिथलं नेहमीचं चित्र. आत आलेल्या माणसाला कदाचित सुरक्षारक्षकाची नजर, थंड शांतता आणि चकाकणारी फरशी पाहून आपण चुकीच्या जागी आलो असं वाटत असावं. सुंदर झालेल्या जागेची ही किंमत असते. ती भरून काढायला कार्यशाळा पुरत नाहीत, दारात उभं राहून ‘या की आत, बघा तुमच्या गावची पगडी आहे का’ म्हणणारं माणूस लागतं. न्यासाच्या चौकटीतही ही जागा रिकामीच राहिली, असं मला वाटतं.

दुसरी मर्यादा अधिक ठळक. २०१४ मध्ये म्युझियमच्या नव्या उत्तर दालनासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि अमेरिकन वास्तुकार स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला गेला. जगातल्या वास्तुकलेच्या नियतकालिकांत चित्रं झळकली. दालन काही उभं राहिलं नाही. करार जे काही सोपवतो ते चार भिंतींच्या आतलं. नवं बांधकाम म्हटलं की पालिकेची जमीन, स्थायी समिती, नगरसेवक, बागेतली झाडं, वारसा समिती, खर्चाचा वाटा, सगळं पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतं. तिथं देणगीदाराचा पैसा आणि जाणकाराचं वजन दोन्ही कमी पडतात, कारण निर्णय मालकाचा असतो. आणि मालकाचं मन त्या वेळी प्राणिसंग्रहालयाच्या आधुनिकीकरणात होतं. राणीच्या बागेतल्या शेकडो जातींच्या जुन्या झाडांसाठी नागरिकांना त्याआधीच आंदोलन करावं लागलं होतं; बागेत नवं बांधकाम हा शब्द उच्चारला तरी माणसं सावध होतात आणि त्यांचं चुकतं असंही नाही. दालन व्हायला हवं होतं का, यावर दोन मतं असू शकतात. मला विचाराल तर एवढ्या लहान संग्रहाला एवढ्या मोठ्या जोडइमारतीची निकड होती असं पटत नाही. साठवणीतल्या वस्तूंसाठी चांगली, कोरडी कोठी आधी हवी होती.

या नमुन्याचा प्रसार मात्र झाला. भायखळा रेल्वे स्थानकाच्या जुन्या इमारतीचा जीर्णोद्धार बजाज कुटुंबाच्या न्यासाच्या मदतीनं झाला आणि २०२२ मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीच्या कामालाही पुरस्कार मिळाला, वास्तुकार पुन्हा विकास दिलावरी. मालक सार्वजनिक, पैसा देणगीचा आणि काम जाणकाराचं, ही पद्धत आता मुंबईत अपवाद राहिलेली नाही. रेल्वे स्थानकाची गोष्ट तुलनेनं सोपी आहे, कारण तिथं संग्रह नाही. इमारत नीट केली की रोजचा वापर तिला जागी ठेवतो. संग्रहालयाला रोज कुणीतरी जाणतं माणूस पगारावर लागतं, आणि पगाराचा आकडा देणगीच्या पाटीवर कोरता येत नाही. म्हणून देणगीदार छतासाठी सापडतो, नोंदणी करणाऱ्यासाठी सापडत नाही.

महामारीत शहरातली सगळी संग्रहालयं बंद झाली. भायखळ्याच्या मुख्य इमारतीला त्यानंतरही दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद राहावं लागलं आणि २०२५ च्या सुरुवातीला ती पुन्हा उघडली. २००८ च्या उद्घाटनानंतर जेमतेम सतरा वर्षं झाली होती. समुद्राजवळच्या, जड पावसाच्या शहरात चुन्याच्या इमारतीला पंधरा-वीस वर्षांत मोठी दुरुस्ती लागणं यात नवल काही नाही. लंडनची, पॅरिसची म्युझियमंही दालनं आळीपाळीनं बंद ठेवतात. फरक एवढाच की तिथं पुढच्या दुरुस्तीची तरतूद मागची संपायच्या आत झालेली असते. इथं प्रत्येक वेळी संपूर्ण दार लावून घ्यावं लागतं, कारण पर्यायी दालन नाही, कोठी नाही, आणि दरवर्षी थोडी थोडी दुरुस्ती करत राहण्यासाठी लागणारा कायमचा निधी बाजूला काढून ठेवायची पद्धत पालिकेच्या अंदाजपत्रकात बसत नाही. त्या वर्षीचा पैसा त्या वर्षी खर्ची पडला नाही तर परत जातो. करार पुढच्या वेळी नूतनीकरणाला आला की त्यात घालायचं पहिलं कलम हेच: न्यासाच्या नावे, व्याजावर चालणारा देखभाल निधी, मूळ रकमेला हात लावायला पालिकेलाही मनाई आणि देणगीदारालाही.